नायकाचा बैल

पुजाने टेप तिसऱ्यांदा खोडाभोवती फिरवला. आकडा तोच आला, छप्पन सेंटिमीटर.

टेप शिलाकाकूच्या शिलाई मशीनच्या खणातला होता. त्याचे सुरुवातीचे दोन सेंटिमीटर कधीतरी कापले गेले होते, म्हणून प्रत्येक आकड्यातून दोन वजा करावे लागत. ते वजा करून छप्पन. झाड सरळ होतं, शेंडा शाबूत होता, दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. फेब्रुवारीत सागाची पानं बहुतेक गळून जातात, त्यामुळे खोड बुंध्यापासून टोकापर्यंत नीट दिसत होतं. आणि त्याच खोडावर गुडघ्याच्या उंचीला तळहाताएवढी साल तासलेली होती. आतल्या फिकट लाकडावर हातोड्याचा ठसा होता, गोलात 'बो'. बोरखडी तांड्याचा बो. ज्या झाडावर हा ठसा, ते सोमवारी कुऱ्हाडीखाली जाणार होतं.

आज शनिवार होता.

विरळणीचा नियम पुजा परभणीला कॉलेजात शिकली होती. प्रेमदासकाकाला तो कोणी शिकवला नव्हता, तरी पुजाच्या आधीपासून त्याला तो माहीत होता. वाकडं, खुजं, दाटीत अडकलेलं काढायचं. सरळ, जाड, मोकळं ठेवायचं. एवढंच. मग छप्पन सेंटिमीटरचं सरळ झाड काकाने काहून छापलं?

पानांच्या चुऱ्यात बसून तिने वहीतली बेरीज पुन्हा केली. एक्क्याण्णव साली, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती तेव्हा, तांड्याच्या एकतीस घरांनी या नऊ एकर पडीक माळावर चिठ्ठ्या टाकून ओळी वाटून घेतल्या होत्या. प्रत्येक घराला चार ओळी, ओळीत त्र्याहत्तर खड्डे. लावणी आणि राखण ज्याची त्याने करायची, पण झाड सगळ्यांचं, सोसायटीचं. ओळींना मात्र घरांची नावं चिकटली ती चिकटलीच. पुजाने दुसऱ्या दहा घरांच्या चाळीस ओळी मोजल्या होत्या. एक हजार नऊशे सत्त्याऐंशी झाडं उभी, त्यांतली सहाशे एक्कावन्न छापलेली. शंभरात तेहतीस. तिच्या स्वतःच्या, राठोडांच्या चार ओळींत दोनशे चार उभी होती आणि छापलेली एकशे तीन.

शंभरात पन्नास.

ती चौथ्या ओळीत बसली होती. या ओळीला घरात 'दादीची ओळ' म्हणत, कारण हे सगळे खड्डे मिराबाईने एकटीने भरले होते आणि पहिले दोन उन्हाळे नाल्यातून डोक्यावर पाणी आणून एकेका रोपाला पाजलं होतं.

*

"म्हंजे लोकायची तेहतीस अन् आपली पन्नास," रामप्रसाद म्हणाला. हळद शिजवण्याच्या कढईवरून तो तसाच उठून आला होता. हात कोपरापर्यंत पिवळे होते. "आपली झाडं वाकडी हायत का?"

"न्हाई बाबा. म्या घेर मोजला. आपल्या छापलेल्यातली एक्केचाळीस सरासरीच्या वर हायत."

"मंग मॅनेजरला विचार."

प्रेमदास सोसायटीच्या जंगलाचा मॅनेजर होता; रामप्रसाद धाकट्या भावाला घरातही मॅनेजर म्हणे. चिडला की म्हणे, आणि परक्यांपुढे अभिमान वाटला की तेव्हाही म्हणे. कोणतं कोणतं ते आवाजावरून ओळखावं लागे. आज ओळखायला कठीण नव्हतं.

प्रेमदास पत्र्याच्या ओसरीवर जेवायला बसला होता. त्याच्या शेजारी, कापडात गुंडाळलेला, सोसायटीचा हातोडा होता. जेवताना तो हातोडा डाव्या मांडीशी ठेवत असे. घरातल्या कोणी तो उचललेला त्याला चालत नसे. सोसायटीच्या खोलीत त्याच्यासाठी खुर्ची होती, तीवर तो तेरा वर्षांत बसला नव्हता. उंबऱ्यावर बसे. ओळींच्या कामासाठी आलेल्याच्या घरचा चहा घेत नसे. आणि जंगलाच्या फाटकाशी संध्याकाळी बायांचे गवताचे भारे तपासताना बाकी सगळ्यांच्या भाऱ्यात नुसता हात घालून बघे, आईचा भारा मात्र दोर सोडून पूर्ण उलगडे.

हे शहाण्णवपासून. त्या वर्षी मिराबाईच्या भाऱ्यात सागाच्या तीन हिरव्या फांद्या निघाल्या होत्या. प्रेमदासने सगळ्या बायांसमोर भारा ठेवून घेतला आणि आईला नुसता दोर घेऊन घरी पाठवलं. मिराबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी नरसीच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानावर ती अनोळखी बाईला सांगत होती, "माह्या लेकानं माहा भारा सोडला. दुसऱ्याचा कोण सोडीत न्हाई?" तेव्हापासून रोज तिचा भारा सुटत होता, पुन्हा बांधला जात होता, आणि ती दर वेळी शेजारणींकडे बघत उभी राहायची.

"काका," पुजा म्हणाली, "चौथ्या ओळीतलं एकविसावं झाड. छप्पन भरतं. ते का छापलं?"

"तुला मोजायला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाई. मोजलं."

प्रेमदासने भाकरीचा तुकडा मोडला. "दुसऱ्याच्या ओळीत हातोडा मारला की तो मानूस मागं उभा राहतो. त्याच्या डोळ्यात एकच असतं, याच्या घरची किती पडनार? त्याला दाखवाया नको?"

"म्हनून आमची पाडतो?" रामप्रसादचा आवाज चढला. "तेरा वर्सं झाली. तुह्या इमानाचं सरपन आमच्याच घरातून चाललं. आपल्या बापूची शेळी कोंडवाड्यात घातली कोनी? तू. माह्या बैलाला गवत बंद केलं कोनी? तू. लोकं तुला चांगला म्हनत्यात, भोगतो आमी."

"भोगत आसल तर बोलू नको," कोपऱ्यातून त्यांचा बाप हरिचंद म्हणाला.

म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. त्याने बोलायला सुरुवात केली की मुलं गप्प होत, अजूनही. "नरसिंग नायक काय म्हनायचा? नायकाचा बैल आधी उतरवा. लदेणीत कोनी म्हनलं की गोणी बराबर न्हाईत, तर पहिली गोणी नायकाच्या बैलावरून उतरायची. सगळ्याच्या देखत. म्हनून आपल्याला नायकाचं घर म्हनत्यात, बैल उरले न्हाईत तरी. पोरगं बराबर करून राहिलं."

नरसिंग नायक हरिचंदचा आजा. मीठ आणि धान्य बैलांवर लादून मुलूखभर नेणाऱ्या तांड्याचा शेवटचा नायक. त्याला या घरातल्या कोणीच पाहिलं नव्हतं, हरिचंदखेरीज. पण त्याचं हे वाक्य प्रेमदासला लहानपणी पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

शिलाने नवऱ्याच्या ताटात वरण वाढलं. परक्यांसमोर ती नवऱ्याविरुद्ध एक शब्द बोलली नव्हती. जंगलाच्या मॅनेजरची बायको असून तिच्या चुलीत तेरा वर्षांत जंगलातली काडी जळाली नव्हती. ती दिराच्या शेतातली कापसाची पऱ्हाटी जाळत होती. त्याचंही तिला काही वाटत नव्हतं. पण काल पुजाने टेप मागितला तेव्हा कशाला हे तिला कळलं होतं, आणि तिने दिला होता.

"उद्या बैठक हाय," ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "शंकरसिंगभाऊ विचारनार. तवा काय सांगनार?"

"उद्या घरचं कोनीबी तोंड उघडायचं न्हाई," हरिचंद म्हणाला. "शंभर झाडं गेली तर गेली. नाव राहतं."

रामप्रसाद काही बोलणार होता, पण त्याने आईकडे पाहिलं. मिराबाई लसणाच्या पाकळ्या सोलत होती. ओळ तिची होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून तिने बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं.

"पुजा," ती म्हणाली, "छापलेलं झाड जगतं का गं?"

"जगतं दादी. साल चारी बाजूनं निघाली तरच मरतं. एवढी जखम तीन-चार पावसाळ्यात भरून येती."

"बरं," मिराबाई म्हणाली आणि पाकळ्या सोलत राहिली.

*

रविवारी सकाळी फाटकाजवळ, सोसायटीच्या खोलीपुढच्या शेडखाली एकतीसपैकी अठ्ठावीस घरं आली होती. इतकी गर्दी लावणीच्या वर्षानंतर झाली नव्हती. हिंगोलीकडे जाणारी एसटी माळाच्या वळणावर हळू झाली की आतले प्रवासी या नऊ एकरांकडे बोट दाखवतात, हे प्रत्येकाला माहीत होतं. आणि आता त्यातलं लाकूड पहिल्यांदा घराघरात जाणार होतं. लोक नवे कपडे घालून आले होते.

प्रेमदासने नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर बसून कामाची वाटणी वाचली. कोणी तोडायचं, कोणी फांद्या साफ करायच्या, कोणी ओढायचं. वाचून झाल्यावर शंकरसिंग उभा राहिला, हेही नेहमीप्रमाणे. सोसायटीचा उपाध्यक्ष. तेरा वर्षांत एकही ठराव त्याने प्रश्नाशिवाय जाऊ दिला नव्हता.

"आता बसा सगळे आरामात," जिवनबाई मागून म्हणाली. "शंकरसिंगभाऊ उठले म्हंजे भाकरी इथंच मागवाव्या लागत्याल."

लोक हसले. शंकरसिंगही हसला, पण बसला नाही.

"माहं एकच विचारनं हाय, मॅनेजरसाहेब. राठोडाच्या ओळी नाल्याकडच्या. तिथली माती काळी. झाडं जाड. बराबर?"

"बराबर. चिठ्ठीत आल्या."

"चिठ्ठीत आल्या, मान्य. आता विरळणीत बारीक झाड पडनार अन् जाड राहनार. म्हंजे आमच्या माळावरच्या ओळी पडनार, तुमच्या उभ्या राहनार. धा वर्सानं इथं कोनी आलं तर त्याला जंगल राठोडाचंच दिसंल. हातोडा कोनाच्या हातात व्हता? राठोडाच्या. म्या चोरी म्हनून न्हाई राहिलो. म्या म्हनतो, आमाला दाखवा."

शेडखाली कुजबुज झाली. प्रेमदासला राग आला नाही. उलट त्याला आतून हलकं वाटलं. ज्या प्रश्नाची त्याने तीन आठवडे, एकेका झाडासमोर उभं राहून, तयारी केली होती तो अखेर आला होता. त्याने भिंतीला टेकलेल्या बापाकडे पाहिलं. हरिचंदने मान किंचित हलवली.

"मोजा," प्रेमदास म्हणाला. "आधी आमच्या ओळी मोजा. नायकाचा बैल आधी उतरवा."

सगळा जमाव फाटकातून आत गेला. वाळक्या पानांचा एवढा आवाज होत होता की मोजणाऱ्याला ओरडून आकडा सांगावा लागला. शंकरसिंगने उभी झाडं मोजली, जिवनबाईने छापलेली. पुजा वही घेऊन मागे चालत होती. दोन्ही आकडे तिला आधीच माहीत होते, तरी चौथ्या ओळीच्या शेवटी तिने ते पुन्हा लिहून घेतले.

"दोनशे चार," शंकरसिंग म्हणाला.

"एकशे तीन," जिवनबाई म्हणाली. मग स्वतःच्याच आकड्यावर विश्वास न बसल्यासारखी म्हणाली, "आर्धी. बाई, यानं आपल्या घरची आर्धी छापली."

"माह्या ओळीतली साठच हायत," कोणीतरी म्हणालं.

"माह्या बासष्ट."

"आसा मॅनेजर जिल्ह्यात दुसरा दाखवा."

प्रेमदास ताठ उभा होता. एवढ्या वर्षांत न घेतलेला चहा, न बसलेली खुर्ची, शेळी, गवत, सगळं आज एका आकड्यात सगळ्यांना दिसलं होतं. रामप्रसादनेही, काल एवढा चिडलेला असून, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि आजूबाजूला पाहिलं. लोक प्रेमदासच्या पाठीवर हात ठेवू लागले.

शंकरसिंग मात्र एकविसाव्या झाडाजवळ थांबला होता. त्याने दोन्ही हातांनी खोडाला वेढा घातला, बोटं भिडतात का पाहिलं. भिडली नाहीत. मग मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिलं.

"हे काहून छापलं?"

प्रेमदास जवळ गेला.

"शेंडा तुटला न्हाई, वाकडं न्हाई, दाटीत न्हाई. तू माह्या ओळीत आसं एकबी छापलं न्हाई, म्या स्वता मागं उभा व्हतो. मंग हे काहून छापलं?"

"आमच्या ओळीत हाय म्हनून," प्रेमदास म्हणाला.

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं.

पानांचा आवाज थांबला होता. शंकरसिंगने खोडावरचे हात काढले नव्हते. "म्हंजे झाड बघून न्हाई छापलं. नाव बघून छापलं."

"माह्याच घरची कमी केली ना. तुमचं काय गेलं?"

"माहं काय गेलं?" शंकरसिंग सावकाश म्हणाला. "हे झाड कोनाचं हाय, प्रेमदास? तुह्या याडीचं, मिराबाईचं? एक्क्याण्णव साली तूच आमाला बसवून सांगितलं, लावनारा कोनीबी आसो, झाड सगळ्याचं. मंग तू कोनाचं दान करून राहिला? म्या सकाळपासून तुला चोर समजत व्हतो. चोर आसता तर सोपं व्हतं, धरला आसता. तू आमची चांगली झाडं पाडून आमच्याकडूनच शाबासकी घेऊन राहिला."

"शंकरसिंग, दमानं," रामप्रसाद पुढे आला आणि भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. काल असंच काहीसं तो स्वतः म्हणाला होता. पण ते घरात होतं. "तेरा वर्सं या मानसानं—"

"तेरा वर्सं मला म्हाईत हायत. म्हनून तर मोठ्यानं बोलून राहिलो."

प्रेमदासने बापाला शोधलं. हरिचंद काठी टेकत, दोन ओळी मागून, येत होता. लोकांनी वाट दिली. तो एकविसाव्या झाडाशी आला आणि ठशावरून त्याने अंगठा फिरवला.

हरिचंदला या क्षणी काय करावं ते माहीत होतं, आणि ते करायची त्याची इच्छा नव्हती. ती गोष्ट त्याने पंचाहत्तर वर्षं आपल्याजवळ ठेवली होती. ती सांगितली नाही म्हणून कोणाचं काही बिघडलं नव्हतं, निदान आजपर्यंत. शंभर झाडं गेली तर गेली, असं तो काल म्हणाला होता. पण समोर त्याचा मुलगा उभा होता, आणि लहानपणी पाढा चुकल्यावर जसा बघायचा तसाच बघत होता.

"शंकरसिंग," तो म्हणाला, "पोराची चूक न्हाई. म्या त्याला आर्धंच शिकवलं."

"काय आर्धं, बापू?" जिवनबाईने विचारलं.

"नायकाचा बैल आधी उतरवा. हे आर्धं झालं." म्हाताऱ्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. "एकदा लदेणीत भांडन झालं. लोकं म्हनले, नायक आपल्या बैलाला हलकं लादतो. नरसिंग नायक मानी. त्यानं काय केलं, दुसऱ्या दिसी आपल्या बैलावर दीडपट गोणी लादली. सगळ्याला दाखवून. लोकं वा वा म्हनले. कयाधूच्या वाळूत बैल बसला. उठंना. वाट आरुंद, मागं चाळीस बैल मिठाचे. कोनाला पुढं जाता येईना. वरून पानी आलं."

त्याने काठीने पुढ्यातली पानं बाजूला सारली.

"मीठ सगळं नदीत गेलं. चाळीस बैलाचं. तवापासून आजा म्हनायचा, नायकाचा बैल आधी उतरवा, अन् बराबर लादा. कमी न्हाई, जास्तबी न्हाई. जास्त लादलेला बैल वाटंत बसतो अन् मागचा सगळा तांडा आडवतो." त्याने प्रेमदासकडे पाहिलं. "मला हे सांगाया लाज वाटली. म्हनून पुढचं ठेवून दिलं अन् मागचं तेवढं सांगत राहिलो."

रामप्रसाद जमिनीकडे बघत होता. मिराबाई बायांच्या घोळक्यात उभी होती. पन्नास वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिनेही आज पहिल्यांदा ऐकली होती. तिने पदर सारखा केला, एवढंच.

प्रेमदासने हातोड्यावरचं कापड सोडलं आणि हातोडा शंकरसिंगसमोर धरला. "घ्या."

"म्या काय करू त्याचं?"

"दुसऱ्याला द्या. ज्यानं नाव बघून छाप मारला त्याच्या हातात ठेवू नका."

काही क्षण हातोडा तसाच दोघांच्या मध्ये राहिला. पुजाच्या लक्षात आलं की काकाने आयुष्यात स्वतःसाठी जपलेली ही एकमेव गोष्ट होती, आणि ती तो देऊन टाकत होता.

"न्हाई," शंकरसिंग म्हणाला. "चूक तुही, पुसायचीबी तूच. आमी बघतो. परवान्यात कमी तोडायला मनाई हाय का?"

"न्हाई. जास्तीत जास्त किती, तेवढंच लिवलं."

"मंग झालं. जिवनबाई, तू झाड बघ. म्या बोलतो. ही पोरगी घेर मोजंल. अन् हा मारंल. आपल्या ओळीत आपला डोळा न्हाई चालायचा, दुसऱ्याचा पायजे. माह्या ओळीतबी. हे ठरावात घ्या."

छाप रद्द करायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तशी वेळ आली नव्हती. प्रेमदासने विचार केला, गुडघ्यावर बसला, आणि हातोडा उलटा धरून पहिल्या ठशाशेजारी दुसरा ठसा मारला. एक 'बो' सरळ, एक डोक्यावर उभा.

"हे राहिलं," शंकरसिंग म्हणाला. "पुढचं."

एकशे तीन झाडं एकेक करून बघायला दुपार झाली. लोक गेले नाहीत. आधी नुसते मागून चालत होते, मग बोलू लागले, मग वाद घालू लागले. हे ठेवा, याला खालून दोन फाटे हायत, न्हाई हो, ते झाड बरं, त्याच्या शेजारचं काढा. जिवनबाईने दादीच्या ओळीतलं एक झाड पाडायचं म्हटलं तेव्हा तिने मागे वळून मिराबाईकडे पाहिलं.

"माह्याकडं काय बघती?" मिराबाई म्हणाली. "खुजं हाय. पाड."

शेवटी पुजाने बेरीज केली. छत्तीस झाडांना उलटा ठसा मिळाला होता, सदुसष्ट राहिली होती. तिने भागाकार केला, पुन्हा केला, आणि वही वडिलांपुढे धरली. रामप्रसादला भागाकार कळला नाही, पण आकडा कळला. शंभरात तेहतीस.

"बराबर लादलं," तो म्हणाला, आणि वही भावाकडे दिली.

"ह्या जखमा जातील का गं पुजा?" शंकरसिंगने विचारलं.

"वरून भरत्याल काका. आत राहत्याल. पन्नास वर्सानं कापलं तरी वलयात दिसंल, कोनत्या वर्सी झालं ते."

"राहू द्या," हरिचंद म्हणाला. तो एकविसाव्या झाडाच्या बुंध्याशी बसला होता. "बैल बसला व्हता, हे म्हाईत आसावं."

बाया मात्र थांबल्या नाहीत. कोणी माती आणली, कोणी शेण, आणि मिराबाईच्या मागोमाग छत्तीसही झाडांच्या उघड्या लाकडावर हाताने लेप दिला गेला. त्याने झाडाला फारसा फरक पडत नाही, हे पुजाला शिकवलेलं होतं. तिने सांगितलं नाही. तिनेही चार झाडं लिंपली.

*

संध्याकाळी फाटकाशी भारे आले. उद्या तोड असल्याने गवत आज जास्त कापलं होतं आणि रांग लांब होती. प्रेमदास उंबऱ्यावरून उठून उभा राहिला. आज कोणी त्याच्याकडे नेहमीसारखं बघत नव्हतं; वाईटही बघत नव्हतं. माणसाकडे बघतात तसे सगळे बघत होते, आणि त्याची त्याला सवय नव्हती.

जिवनबाईने भारा खाली ठेवला. त्याने दोन ठिकाणी हात घालून पाहिलं आणि उचलून दिला.

मागे मिराबाई होती. तिने भारा ठेवला. प्रेमदास वाकला, आणि हात सवयीने दोराच्या गाठीकडे गेला.

"जिवनबाईचा बघितला तेवढाच बघ," मिराबाई म्हणाली. "जास्त नको."

त्याचा हात गाठीवर थांबला. मग त्याने गाठ न सोडता हात काढला, भाऱ्यात दोन ठिकाणी हात घालून पाहिलं. गवतच होतं. त्याने भारा उचलून आईच्या डोक्यावर ठेवला, आणि ती शेजारणींकडे एकदाही न बघता, रांगेत जशी उभी होती तशीच, जिवनबाईच्या मागे चालू लागली.